पोस्त आणि पुस्तकं

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दिवाळीची पोस्त वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात वाटतात. वॉचमन, जिने पुसणाऱ्या बायका, माळीदादा, गाड्या धुणारे, कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताई, सगळ्यांना. फ्लॅटमागे ठरलेली रक्कम सेक्रेटरी गोळा करतात, त्याची पाकिटं होतात आणि प्रत्येक पाकिटासोबत सोनपापडीचा एक डबा जातो. गेल्या वर्षीच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, हा डबा बंद करू आणि त्या पैशांत या लोकांच्या मुलांना पुस्तकं देऊ. सुट्टीच्या तोंडावर हातात पडतील.

सोनपापडीच्या बाजूने बोलायला कोणीच पुढे आलं नाही. पण एका गृहस्थांनी लगेच हिशेब मांडला, की पुस्तकं देणारच आहोत तर पोस्तीची रक्कम थोडी खाली आणता येईल. तिथे मात्र माझा आवाज चढला. पोस्त हा त्यांच्या हक्काचा पैसा. त्यातून गावाला जायचं तिकीट निघतं, पोरांचे कपडे निघतात. त्यातूनच कापून पुस्तकं आणायची, तर भेट कोण कोणाला देतंय? शेवटी पोस्त जशीच्या तशी ठेवायची आणि डब्याच्या पैशांत थोडी भर घालून पुस्तकं घ्यायची, असं ठरलं. आपल्याकडे जो सुचवतो त्याच्याच गळ्यात काम पडतं. मी बँकेतून निवृत्त, म्हणजे वेळच वेळ, असंही सगळ्यांचं मत पडलं.

आधी यादी केली. मुलाचं नाव, वय, इयत्ता, माध्यम. वीसेक मुलं निघाली. शेवटी एक रकाना सहज म्हणून टाकला होता, ‘सुट्टीत कुठे आणि कधी जाणार’, आणि तोच सगळ्यात कामाला आला. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की त्याच रात्री वाकडेवाडीच्या स्टँडवरून लातूरची गाडी पकडणारी घरं त्यात होती. म्हणजे पोस्तीबरोबर पुस्तक द्यायचं म्हटलं, तर निम्मी मुलं तोवर गावी पोचलेली असणार.

माध्यमाचा रकाना बघून कमिटीतले काही जण चकित झाले. महापालिकेच्या मराठी शाळेतली मुलं असतील हे सगळ्यांनी धरलं होतं. ती होतीच, पण सेमी इंग्रजीतलीही होती, दोन तर चक्क इंग्रजी माध्यमातली होती आणि त्यांची आई आमच्याकडे चार घरच्या पोळ्या करून ती फी भरत होती. वॉचमनदादा बिहारचे, त्यांची मुलगी मराठी शाळेत चौथीला. ती मराठी घडाघडा वाचते, वडिलांना मराठी वाचता येत नाही.

आता सूचना सुरू झाल्या. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, सगळ्यांना ‘श्यामची आई’ द्या, डोळे मिटून. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक मीही लहानपणी रडत रडत वाचलंय, आणि त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढायची माझी हिंमत नाही. पण पहाटे सहाला घर सोडून आमची भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या नऊ वर्षांच्या मुलीला सुट्टीत पहिलं पुस्तक द्यायचं, ते आईच्या कष्टांबद्दलच का? ती ते रोज बघतेच आहे. दुसऱ्या एकींना शिवचरित्र हवं होतं, एकींना संस्कारकथा. माझं मत असं झालंय, की मोठी माणसं पुस्तक विकत घेताना समोरच्या मुलासाठी घेतच नाहीत. स्वतःच्या लहानपणासाठी घेतात, नाहीतर त्या मुलाला वळण लावायला. दोन्हीत मूल बाजूलाच राहतं.

म्हणून एका रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सतरंजी टाकली. माझ्या घरची, शेजारच्या नातवंडांची, मैत्रिणीकडून आणलेली अशी बरीच बालपुस्तकं त्यावर पसरली आणि मुलांना बोलावलं. कोणाला काही वाचून दाखवायला सांगितलं नाही. मी नुसती भाजी निवडत बसले आणि बघत राहिले.

बघण्यासारखं पुष्कळ होतं. मोठी मुलं आधी जाड पुस्तक उचलतात, कारण इतर बघत असतात. मग पाच मिनिटांनी कोणाचं लक्ष नाहीसं बघून हळूच चित्रांचं पातळ पुस्तक ओढून घेतात. ते दुसरं पुस्तक खरं. एक जुनी युक्ती आहे: मुलाने एक पान वाचायचं, अडला की एक बोट मिटायचं, पान संपायच्या आत पाची बोटं मिटली तर पुस्तक अवघड. मी ती मुलांना खेळ म्हणून शिकवली आणि ती एकमेकांची बोटं मोजायला लागली. मराठीत मुलं अडतात ती नवीन शब्दांपाशी फारशी नाही. ‘रस्ता’ येतो, पण ‘रस्त्यावरच्यांनासुद्धा’ आलं की गाडी थांबते. जोडाक्षर आणि पाठीला लागलेले प्रत्यय एकत्र आले की तिसरीतलं हुशार मूलही ओळ सोडून चित्राकडे वळतं.

त्या संध्याकाळी मी मनाशी ठरवलं, की प्रत्येकाला त्याच्या इयत्तेपेक्षा एक पायरी सोपं पुस्तक घ्यायचं. शाळेचं पुस्तक नेहमी मुलाच्या पुढे चालतं, ते त्याचं कामच. सुट्टीत गावाला, जिथे शब्द अडला तर सांगणारं कोणी नसेल, तिथे एकट्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाता आलं पाहिजे. यावर सोसायटीतल्या एका शिक्षिकाबाईंशी माझा वाद झाला. त्यांच्या मते सोपं दिलं की मुलं तिथेच राहतात. मला तसं वाटत नाही, अजूनही वाटत नाही.

खरेदीला मी मेट्रोने गेले. आयडियल कॉलनीला बसायचं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, कसबा पेठेला उतरायचं. दिवाळीच्या आधी लक्ष्मी रोडच्या बाजूला रिक्षा घालण्यात अर्थ नसतो. तिथून चालत अप्पा बळवंत चौक. जूनमध्ये या चौकात पाय ठेवायला जागा नसते, सगळं पुणं वह्या-पुस्तकांसाठी तिथे लोटलेलं असतं. ऑक्टोबरात मात्र दुकानदार जरा बोलायच्या मनःस्थितीत असतात. काउंटरवर दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि आत पाठ्यपुस्तकं. अडचण एकच, तिथली बरीचशी दुकानं काउंटरची. तुम्ही नाव सांगायचं, मुलगा आतून किंवा माळ्यावरून पुस्तक आणणार. “दुसरीतल्या मुलीसाठी काहीतरी गोष्टीचं” असं म्हटलं की तो विचारतो, “कुठलं प्रकाशन?” तेव्हा नाव, लेखक, प्रकाशन लिहिलेली चिठ्ठी घेऊन जायचं, किंवा बाजीराव रोडच्या अक्षरधारासारख्या ठिकाणी आधी पुस्तकं हाताळायची. मी आधी हाताळून आले.

पुस्तक हातात घेतलं की मी मधलं पान उघडते. पहिली दोन पानं सगळेच नीट करतात. गडद चित्रावर पांढरी अक्षरं असतील तर परत. ओळ दोन्हीकडून सारखी करायच्या नादात शब्दांमध्ये ढांगभर अंतर पडलं असेल तर परत. आणि दुकानात उभ्याउभ्या एक परिच्छेद पुटपुटून बघायचा. दहा पुस्तकांचे चकचकीत संच मिळतात ना, राजपुत्र, कोल्हा, परी वगैरे, त्यांत जीभ पहिल्याच वाक्याला अडखळते: ‘कोल्हा म्हणाला की तो खूप आनंदी होता त्याला भेटून.’ असं कुठला कोल्हा बोलतो? शिवाय शुद्धलेखन. जे मूल वाचायला शिकतंय त्याच्यासमोर छापील चूक ठेवणं मला पटत नाही. संच स्वस्त पडतो, दिसतोही भरगच्च, म्हणून भेट देणाऱ्यांना आवडतो. मी त्यातला एकही घेतला नाही.

लहान मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं घेतली. त्या लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात, त्यामुळे मजकुरात नसलेली गंमत चित्रात सापडते. ‘राधाचं घर’मध्ये घरातली माणसं आहेत, आई, बाबा, आजी, आजोबा, आणि ती अशी काढलीत की ज्याला वाचता येत नाही तोही बोट ठेवून सांगतो, हे आमचे आबा. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी प्रथम बुक्सची पातळ पुस्तकं उपयोगी पडली. त्यांच्या पुस्तकांवर चार पायऱ्या दिलेल्या असतात. पहिल्या पायरीचं पुस्तक साधारण 250 शब्दांच्या आत, शब्द पुन्हापुन्हा येणारे. किंमत कमी, म्हणून एका मुलाला दोन देता आली. त्यांची स्टोरीवीव्हर नावाची साइट आहे, तिथे हीच पुस्तकं मोबाइलवर फुकट वाचता येतात, हे मी पालकांना सांगितलं खरं. पण मोबाइल हातात आल्यावर मूल गोष्टच वाचेल याची खात्री कोणी द्यावी!

पाचवी ते सातवीच्या मुलांना पुस्तकाबरोबर ‘किशोर’चा दिवाळी अंक. बालभारती 1971 पासून हे मासिक काढतेय, किंमत खिशाला जड नाही, आणि त्यात गोष्टी, कविता, कोडी असं मिश्रण असल्याने ज्याला सलग वाचायचा कंटाळा तोही कुठूनतरी आत शिरतो.

‘स्वच्छ’च्या ताईंचा मुलगा सातवीत. त्याच्यासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घेतला. सतरंजीवर त्याने तेच उचललं होतं, मलपृष्ठ वाचलं आणि मला विचारलं, “काकू, हा फुरसुंगीचा आहे? फुरसुंगी म्हणजे डेपो ना?” आमच्या पिढीला फुरसुंगी म्हटलं की बनेश ऊर्फ फास्टर फेणे आठवतो. या मुलाला उरुळी-फुरसुंगीचा कचरा डेपो, कारण घरात आईच्या तोंडी तेच नाव. “डेपो व्हायच्या आधीची गोष्ट आहे,” मी सांगितलं. “मग तेव्हा तिथे काय होतं?” हे विचारून तो पुस्तक घेऊन खांबाला टेकून बसला. त्याला दुसरं काही सुचवायची गरजच उरली नाही.

सगळ्यात अवघड गेला तो गाड्या धुणाऱ्याचा धाकटा भाऊ. वय तेरा, वाचन दुसरीचं. छोट्या मुलांचं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं तर त्याचा अपमान, त्याच्या वयाचं ठेवलं तर ते उघडणारच नाही. अशा मुलांसाठी मराठीत फारच कमी आहे. मोठ्या मुलाचा विषय आणि छोटी वाक्यं हे एकत्र सापडत नाही. शेवटी मी गोष्टीचा नाद सोडला. आपल्या पुण्यातले अरविंद गुप्ता, ज्यांनी आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी शिकवली, त्यांच्या साइटवर मराठी पुस्तकं मोफत आहेत. त्यातली आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरून सांगाडे करायची पानं काढली, झेरॉक्सवाल्याकडून छापून स्पायरल करून घेतली, आणि सोबत व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा व काड्यांच्या पेट्या बांधून दिल्या. काड्यांची गुलं आधी खरवडून टाकली, नाहीतर दिवाळीत भलतंच व्हायचं. सूचना एकेका ओळीच्या, शेजारी आकृती. करायचं असेल तर वाचावं लागतं.

पोळीवाल्या मावशींची थोरली दहावीला. तिला विचारलं तर तिने स्पष्ट सांगितलं, “काकू, गोष्टीचं नको. मला अपेक्षित द्या.” कमिटीतल्या एकांना हे मुळीच आवडलं नाही, भेट म्हणून प्रश्नसंच कसा द्यायचा. मी दिला. मागितलेली वस्तू देण्यात कमीपणा कसला? तिला बोर्डाची काळजी आहे आणि आईला तो घेणं जड जातंय, हे दिसत होतं. वर ‘तोत्तोचान’ या जपानी पुस्तकाची मराठी प्रत घातली, नॅशनल बुक ट्रस्टची, चेतना सरदेशमुख गोसावींनी अनुवाद केलेली. “बोर्ड झाल्यावर वाच,” एवढं सांगितलं.

वॉचमनदादांनी मात्र मला गेटवर थांबवलं. मुलीला मराठी पुस्तक मिळणार हे कळल्यावर ते जरा चाचरत म्हणाले, “मॅडम, एक हिंदी भी मिलेगा क्या? वो क्या पढ़ती है, मुझे भी पता चले.” मग तिला एक मराठी, एक हिंदी.

माळीदादांच्या बाळासाठी पुठ्ठ्याची पानं असलेलं पुस्तक शोधताना दमछाक झाली. दीड-दोन वर्षांचं मूल पुस्तक आधी चावतं, मग फेकतं, मग बघतं. इंग्रजीत अशी पुस्तकं ढिगाने मिळतात, मराठीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एक मिळालं.

बिल खजिनदारांकडे दिलं तर त्यांना जीएसटीचा आकडा दिसेना. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, मुलांच्या चित्रांच्या आणि रंगवायच्या पुस्तकांवरही शून्य, हे पटवायला मला त्यांच्यासमोर मोबाइलवर दर उघडून दाखवावे लागले. पुण्यात हिशेबाचं समाधान तोंडी होत नाही.

मग शिक्क्याचा प्रश्न. अध्यक्षांचं म्हणणं, पहिल्या पानावर सोसायटीचा रबरी शिक्का आणि ‘सप्रेम भेट’, शिवाय छोटा कार्यक्रम, एक पाहुणे, मुलांच्या हातात पुस्तकं देतानाचे फोटो. मी शिक्का लपवून ठेवला नाही, एवढंच. ग्रंथालयाच्या पुस्तकावर शिक्का असतो, ते परत द्यायचं असतं. मुलाला हे आपलं वाटायला हवं, म्हणून पहिल्या पानावर फक्त ‘हे पुस्तक’ असं लिहून पुढे जागा सोडली, ज्याने त्याने आपलं नाव ‘चं’ लावून लिहायचं. पाहुण्यांवरची चर्चा आपोआप मिटली, कारण मुलं वेगवेगळ्या दिवशी गावाला निघत होती आणि कार्यक्रमाला एकही तारीख जमेना. जुन्या कॅलेंडरच्या पानांत गुंडाळून, जो ज्या दिवशी जाणार त्याला आदल्या संध्याकाळी जिन्यातच दिलं.

सुट्टीनंतर मी कोणालाच ‘वाचलंस का?’ असं विचारलं नाही. शिक्षिकाबाईंनी मुलांकडून सारांश लिहून घ्यावा असं सुचवलं होतं; मी ऐकून घेतलं. जे कळलं ते असंच, येताजाता. दुसरीतली मुलगी गावी, औशाला, आजीसमोर रोज एकच गोष्ट वाचत होती, आजीला पाठ झाली तरी. एका मुलाचं पुस्तक मामेभावाने ठेवून घेतलं, आणि त्याच्या आईला माझी भीती, की काकू रागावतील. मी म्हटलं, छान झालं, दुसरं देते. आगकाड्यांवाल्याने त्रिकोणांचा मनोरा करून सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवला. स्पायरलची पुढची पानं मात्र कोरी करकरीत दिसली. दोन मुलांनी पुस्तकं उघडलीसुद्धा नाहीत, तसं त्यांनीच सांगितलं. फास्टर फेणेचा पुढचा भाग मात्र थेट दाराची बेल वाजवून मागितला गेला.

डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो, नॅशनल बुक ट्रस्ट 2023 पासून भरवतं, प्रवेशाला पैसे नाहीत. उरलेल्या पैशांतून काही मुलांना तिथे घेऊन गेले, यावेळी निवड त्यांची. मी मागे हात बांधून चालले. एकाने क्रिकेटपटूंचं घेतलं, एकीने रांगोळ्यांचं, आणि तिघांनी मिळून भुताच्या गोष्टींची अशी पुस्तकं घेतली की त्यांची मुखपृष्ठं बघून मला दुकानदाराचा राग आला. कागद भिकार, चित्रं त्याहून. घेऊ दिली. परतीच्या बसमध्ये त्यातली एक गोष्ट मोठ्याने वाचली जात होती आणि पुढच्या सीटवरच्या अनोळखी बाई मागे वळून ऐकत होत्या.

यंदाची यादी सुरू झालीये. माळीदादा ‘स्टेशनजवळ काम लागलं’ म्हणून सोडून गेले, त्यांचा पत्ता शोधतेय, कारण बाळाचं नाव यादीतून काढायचं नाहीये. ते आता तीन वर्षांचं होईल. सेक्रेटरी म्हणतात, आता त्याला कागदाचं पुस्तक चालेल. मला नाही वाटत. पुठ्ठ्याचंच बघते.